दोन गाण्यांमधली जागा

रेकॉर्डच्या एका बाजूला गाणी चार असोत की सात, खाच एकच असते. बाहेरच्या कडेला सुरू होऊन गोल गोल फिरत मधल्या लेबलापर्यंत पोचणारी सलग खाच. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली की गाण्यागाण्यांमध्ये ज्या गुळगुळीत रेघा दिसतात, तिथेही ती तुटलेली नसते. तिचे वेढे तेवढ्यापुरते एकमेकांपासून लांब पडलेले असतात, इतकंच. रेकॉर्ड कोरताना यंत्राने तेवढा वेळ कोरणी भरभर आत सरकवलेली असते. सुई कुठे टेकवायची हे डोळ्यांना कळावं म्हणून ठेवलेली ती खूण. सुईला तिचा पत्ताही नसतो. ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड एक फेरी १.८ सेकंदांत पुरी करते, आणि अशा एकदोन फेऱ्यांत पुढचं गाणं सुरू.

हीच बाजू संगणकात उतरवून घेतली की रेघ नाहीशी होते. हाती येते वीस-बावीस मिनिटांची एक लांबलचक फाइल. कॅसेट असेल तर त्याहून लांब. सी-९० ची एक बाजू म्हणजे पाऊण तास. मग त्या फाइलचे तुकडे पाडायचे, प्रत्येक गाणं सुटं करायचं, नाव द्यायचं. हे काम मी गेली कित्येक वर्षं हौसेने करते. आधी घरच्या कॅसेटी होत्या, मग नातेवाइकांच्या आल्या, आता कोणीही कोणाचंही आणून देतं. ‘कंटाळा नाही का येत?’ असं सगळे विचारतात. नाही येत. कापायला लागतात चार मिनिटं, बाकीचा सगळा वेळ ऐकण्यात जातो.

एक खुलासा आधीच करून टाकते. हल्ली ‘ट्रॅक वेगळे करणारं सॉफ्टवेअर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही येतं: तयार गाण्यातून गायकाचा आवाज एकीकडे, ड्रम दुसरीकडे, बास तिसरीकडे. डीझर कंपनीने २०१९ मध्ये ‘स्प्लीटर’ नावाचं असं सॉफ्टवेअर खुलं केलं, तसलंच ‘डेमक्स’ही आलं, आणि एके काळी अशक्य वाटणारी ही गोष्ट घरबसल्या होऊ लागली. थक्क करणारी विद्या आहे, वादच नाही. पण ही सॉफ्टवेअर गाणं आडवं चिरतात. मी बोलते आहे ते उभ्या कापाबद्दल. एक संपलं कुठे आणि दुसरं सुरू झालं कुठे, एवढाच प्रश्न. ऐकायला सोपा वाटतो.

माझं सॉफ्टवेअर म्हणजे ऑडॅसिटी. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते कार्नेगी मेलन विद्यापीठात लिहायला घेतलं आणि २००० साली लोकांसाठी खुलं केलं. फुकट आहे, दिसायला रूक्ष आहे, आणि अजून टिकून आहे. फाइल उघडली की निळी वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचे चढउतार दाखवणारी आकृती, पडदाभर पसरते. डोळ्यांना सवय झाली की त्या आकृतीवरूनच बरंच कळायला लागतं. गाणं संपत आलं की ती निमुळती होत जाते, मध्ये बारीक दोरा उरतो, मग पुन्हा फुगते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, झालं की! दोरा दिसला तिथे काप. सॉफ्टवेअरलाही तसंच वाटतं.

त्याची पद्धत सरळ आहे. तीनचार आकडे द्यायचे. कितीपेक्षा कमी आवाजाला शांतता म्हणायचं. ती निदान किती वेळ टिकली पाहिजे. आणि सापडलेल्या आवाजाच्या किती आधी आणि किती नंतर खूण करायची. ऑडॅसिटीच्या जुन्या ‘साउंड फाइंडर’मध्ये हे आकडे भरलेलेच असायचे: उणे २६ डेसिबल, एक सेकंद, आणि दोन्ही टोकांना एक दशांश सेकंद. उणे २६ डेसिबल म्हणजे वेव्हफॉर्मच्या कमाल उंचीचा विसावा हिस्सा. त्याखाली जे काही असेल ते यंत्राच्या लेखी नाहीच. दिवा मालवला म्हणजे घरातली माणसं झोपलीच, असं धरून चालणाऱ्या शेजाऱ्याचा हा हिशेब. बऱ्याचदा बरोबर निघतो, हीच तर पंचाईत. पाच गाणी चोख कापलेली बघून माणूस सहावं ऐकतच नाही.

बिघडतं कुठे ते सांगते. गायक पहिला स्वर लावायच्या आधी श्वास घेतो. माइक जवळ असेल तर तो श्वास स्वच्छ ऐकू येतो. जेमतेम अर्धा सेकंद, पण पुढचा स्वर केवढा येणार आहे, हळू की जोरात, हे कानाला त्यातच कळून जातं. वेव्हफॉर्मवर तो दिसतही नाही. चारपाचदा झूम केलं की त्या दोऱ्यावर उठलेली बारीकशी लव दिसते, मध्ये जरा दाट, मग एकदम थांबलेली, आणि तिच्या लगेच पुढे स्वराची उभी भिंत. यंत्राच्या उंबरठ्यापेक्षा ती लव कितीतरी खाली असते. त्यामुळे खूण पडते स्वराच्या एक दशांश सेकंद आधी आणि श्वासाचं नुसतं शेपूट उरतं. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. श्वास मागच्या गाण्याच्या शेवटी लटकलेला राहतो, ते आणखी वाईट. तिथे तो कोणाचाच नसतो.

दुसऱ्या टोकाला हळूहळू विरत जाणारे शेवट. ध्वनिमुद्रकाने आवाज सावकाश उतरवत नेलेला असतो आणि शेवटी तो टेपच्या सरसरीत बुडतो. गाणं संपतं त्याचा क्षण इथे मोजता येत नाही. आवाज सरसरीखाली गेल्यावरही कान ती ओळ पुढे म्हणत राहतो. मी स्वतः दोनेक सेकंद अशी ओळ ऐकते जी फाइलमध्ये नाहीच. उणे २६ ला कापलं तर तो उतार पायरीवरून खाली पडल्यागत तुटतो. उंबरठा खाली न्यावा, तर कॅसेटची सरसर किंवा विजेची गुणगुण त्या उंबरठ्याच्या वर येऊन बसते. मग सॉफ्टवेअरला शांतता कुठेच सापडत नाही आणि पाऊण तासाची बाजू एकच गाणं म्हणून परत मिळते.

तंबोरा असेल तर विचारूच नका. गाणारा थांबतो, तंबोरा थांबत नाही. उलट एखाद्या चालीत वादक मंडळी मुद्दाम दोन ठोक्यांची फट सोडतात, सगळे एकदम गप्प, आणि मग समेवर कोसळतात. त्या फटीत यंत्र हटकून सुरी घालतं. मैफिलीच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ्या हे गाण्यापेक्षा मोठं गाणं असतं. आणि रेकॉर्डवर आडवा ओरखडा असेल तर आणखीच मजा. ओरखडा फेरीत एकदा टोचतो, म्हणजे दर १.८ सेकंदांनी एक टक्क. मध्ये एक सेकंदाहून जास्त शांतता असल्यामुळे शेवटच्या मोकळ्या खाचेतला प्रत्येक टक्क हे यंत्राला स्वतंत्र गाणं वाटतं. अशा फाइलींची मोठी रांग एकदा माझ्या फोल्डरमध्ये उभी राहिली होती. वाजवून पाहिल्या. एकसारख्या होत्या.

शांततेवरून गाणं ओळखायची ही युक्ती काही संगणकाची नव्हे. १९६३ मध्ये कॅसेट आली, आणि पुढे चांगल्या डेकमध्ये ‘पुढचं गाणं शोधा’ अशी सोय आली. बटण दाबलं की टेप भरधाव पळायची, पण हेडला घासत. चिवचिव ऐकू यायची. त्या चिवचिवीत खंड पडला की डेक थबकायचा. त्याला साधारण चार सेकंदांची कोरी जागा लागायची. म्हणून रेकॉर्डिंगच्या डेकवर तेवढी कोरी जागा सोडणारं बटणही असायचं. ज्यांनी ते नेमाने वापरलं त्यांच्या कॅसेटी आज एका झटक्यात कापल्या जातात. कोण होती ही माणसं, ठाऊक नाही, पण त्यांच्या कॅसेटवरच्या यादीचं अक्षरही सहसा सुरेख असतं.

रेडिओवरून भरलेल्या कॅसेटींची तऱ्हा वेगळी. तिथे चार सेकंद कोण सोडणार? टेप महाग, आणि निवेदक गाण्यावर बोलायला लागायच्या आत पॉज दाबायची घाई. पॉज सोडताना आणि दाबताना टेपवर एक बारीक ‘टक्’ उमटतो. वेव्हफॉर्मवर तो सुईसारखा उभा दिसतो, वरपासून खालपर्यंत, जाडी जवळजवळ नाहीच. मला तो फार आवडतो. कारण तो काप आधीच कोणीतरी दिलेला असतो, तेव्हा, त्या क्षणी, बोट बटणावर ठेवून. कधी निवेदकाचं अर्धं अक्षर राहिलेलं असतं, कधी गाण्याचा पहिला शब्द गेलेला असतो. मी तिथे काही सुधारत नाही. त्या ‘टक्’वरच खूण करते आणि पुढे जाते.

बाकी ठिकाणी माझी रीत अशी. यंत्राला एकदा त्याच्या खुणा करू देते, कच्चा खर्डा म्हणून. मग फाइल पहिल्यापासून लावते आणि ऐकता ऐकता नवं गाणं आलं की कंट्रोल-एम दाबते; वाजतं आहे तिथेच लेबल पडतं. बोटाला पाव सेकंद उशीर होतोच, म्हणून लेबल मागून थोडं डावीकडे ओढावं लागतं. हळूहळू स्वतःच्या बोटाचा उशीर ओळखीचा होतो. शेवटी ‘झेड’ दाबायचं. त्याने निवडलेली जागा जवळच्या शून्यावर सरकते, म्हणजे लाट जिथे मधली रेघ ओलांडते तिथे. लाट शिगेला असताना कापलं तर आवाज एकदम उंचीवरून शून्यावर येतो आणि स्पीकरमधून ‘फट्’ ऐकू येतं. शून्यावर कापलं की ते टळतं. इतकं साधं, पण पुष्कळ लोक ‘फट्’ला रेकॉर्डचा दोष समजून साफसफाईचे फिल्टर लावत बसतात.

आता खरा प्रश्न. दोन गाण्यांमध्ये तीन सेकंदांची शांतता आहे. ती कोणाची? मागच्या गाण्याची शेपटी की पुढच्याची तयारी? की मधोमध कापून अर्धी अर्धी वाटायची? बहुतेक सॉफ्टवेअर तर ती टाकूनच देतात. त्यांना ती फुकटची भर वाटते.

सीडी बनवणाऱ्यांनी यावर विचार केलेला होता, आणि तो मला अजूनही फार शहाणपणाचा वाटतो. सीडीची रचना ठरवणाऱ्या १९८० च्या ‘रेड बुक’ या प्रमाणात प्रत्येक ट्रॅकला दोन खुणा असू शकतात. इंडेक्स ०१ म्हणजे गाण्याची सुरुवात. त्याच्या आधी इंडेक्स ०० असेल तर तिथून ०१ पर्यंतचा भाग म्हणजे मधली जागा. सीडी सलग लावली तर ती जागा ऐकू येते, आणि प्लेअरवरचे आकडे उलटे पळतात: उणे तीन, उणे दोन, उणे एक. थेट चौथ्या गाण्यावर उडी मारली तर प्लेअर ०१ वर उतरतो आणि ती जागा वगळली जाते. म्हणजे जो क्रमाने ऐकतो त्याच्यासाठी शांतता आहे, जो घाईत आहे त्याच्यासाठी नाही. सीडीवरून गाणी उतरवून घेणारी सॉफ्टवेअर सहसा ही जागा मागच्या गाण्याला जोडतात, आणि मीही तेच करते. गाणं संपल्यावरची शांतता त्या गाण्यानेच निर्माण केलेली असते. पुढच्याचा तिच्यावर हक्क नाही. अपवाद श्वासाचा, तो पुढच्याचाच.

सीडीची आणखी एक गोष्ट. तिच्या मूळ रचनेत गाण्यांची नावं नव्हतीच. मग संगणकात टाकल्यावर नावं यायची कुठून? सीडीडीबीसारख्या यादीत सीडीची ओळख काढायचे ती प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो, एकूण लांबी किती, ट्रॅक किती, यावरून. काप कुठे आहेत, एवढ्यावर कोणती सीडी ते बहुधा कळायचं. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी उगाचच सुखावले होते.

तांत्रिक बाजूच्या दोन खबरदाऱ्या सांगून पुढे जाते, कारण यांच्यावाचून चांगल्या कापाचीही माती होते. सीडी सेकंदाचे ७५ भाग करते, प्रत्येक भागात ५८८ सॅम्पल, म्हणजे आवाजाची ५८८ मोजमापं. काप या भागाच्या मध्येच पडला, तर सीडी लिहिताना शेवटचा अपुरा भाग कोरा भरला जातो, आणि सलग चाललेल्या संगीतात दोन ट्रॅकच्या सांध्यावर टिचकी ऐकू येते. सीडी वेव्हसारखं साधंसं सॉफ्टवेअर काप आपोआप या हद्दीवरच देतं. सीडी करायची असेल तर त्याचा उपयोग होतो. सीडी लिहिताना ‘डिस्क ॲट वन्स’, म्हणजे अख्खी सीडी एका दमात लिहायची, हे निवडायचं हेही ओघाने आलं, नाहीतर प्रत्येक दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची बिनमागितलेली शांतता घुसते.

एमपीथ्रीचं दुखणं याहून खोल. तिथे आवाज १,१५२ सॅम्पलच्या फ्रेममध्ये बांधलेला असतो, म्हणजे सीडीच्या दर्जाला साधारण २६ मिलिसेकंद. एमपीथ्रीस्प्लिट किंवा एमपीथ्रीडायरेक्टकट ही सॉफ्टवेअर फाइल न उलगडता तशीच कापतात, दर्जा राखतात, पण काप फ्रेमच्या हद्दीवरच मिळतो. शिवाय एक फ्रेम आपला थोडा माल आधीच्या फ्रेममध्ये ठेवू शकते. ती आधीची फ्रेम मागच्या तुकड्यात गेली की नव्या तुकड्याची सुरुवात क्षणभर अडखळते. आणि एमपीथ्री करतानाच फाइलच्या पुढेमागे थोडी कोरी भर पडते; एमपीथ्री बनवणारा लेम एन्कोडर ती किती आहे याची नोंद फाइलमध्ये ठेवतो, पण प्लेअरने ती नोंद वाचली तर उपयोग. म्हणून आधी वेव्ह किंवा फ्लॅक अशा दर्जा न घालवणाऱ्या फाइलीत कापावं आणि सगळ्यात शेवटी एमपीथ्री करावं. क्रम उलटा करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या फाइली घेत नाही.

तुकडे पडले की लोक आणखी एक उद्योग करतात: प्रत्येक तुकड्याचा आवाज सारख्या पातळीला आणतात. बाजूवर हळू गाणं मुद्दाम दणदणीत गाण्यानंतर ठेवलेलं असतं. दोन्ही एका उंचीची केली की तो जो दिलासा होता तो संपतो. आवाज वाढवायचाच असेल तर अख्ख्या बाजूचा एकदम वाढवावा, कापण्याआधी.

हे सगळं करूनही शेवटी मी मूळ फाइल कापतच नाही. ती अखंड ठेवते आणि शेजारी एक क्यू शीट लिहिते. साधी मजकुराची फाइल: गाण्याचं नाव, आणि मिनिट, सेकंद व सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग अशी सुरुवातीची वेळ. क्यू शीट कळणारा प्लेअर ती वाचतो आणि गाणी सुटी असल्यासारखी दाखवतो. इंडेक्स ०० आणि ०१ दोन्ही त्यात लिहिता येतात. काप चुकीचा वाटला तर आकडा बदलायचा. आवाजाला धक्का लागत नाही.

आता भांडणाचं सांगते. माझा एक मित्रही हेच उद्योग करतो. एका मैफिलीची कॅसेट आम्हा दोघांकडे आहे. तिच्यात एक चीज संपते, टाळ्या पडतात, टाळ्या ओसरताना वादक तारा जुळवतो, गायिका त्याला हळूच काहीतरी सांगते, तो हसतो, आणि मग पुढची चीज. टाळ्या मागच्या चिजेच्या, यावर आमचं एकमत. पण तारा जुळवणं आणि ते कुजबुजलेलं वाक्य? मित्राचं म्हणणं, पुढची चीज तिथूनच सुरू होते, वाक्य ०१ च्या पुढे हवं, थेट उडी मारणाऱ्यालाही ते ऐकू आलं पाहिजे. मी म्हणते, ते सभागृहात बसलेल्यांसाठी होतं, ते मधल्या जागेत राहू दे. क्रमाने ऐकणाऱ्याला सापडेल. फोनवर यावर आमचं बराच वेळ चालतं. त्याने एकदा विचारलं, ‘बाई, तुम्हाला ते वाक्य नकोसं आहे का?’ नकोसं कसं असेल, मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की त्यातला एक शब्द मला आता लागायला लागला आहे, आणि तो मी त्याला सांगत नाही.

त्यामुळे त्या एका वेव्ह फाइलला आता दोन क्यू शीट आहेत. मित्राने आपली पाठवली ती मी तशीच फोल्डरमध्ये ठेवली आहे, नावही बदललेलं नाही. माझ्या शीटचं नाव म्हणजे नुसती तारीख. त्याच्या शीटचं नाव ‘बरोबर’.